मोबाईलमधील जाहिरातींचा शिरकाव : एक अभ्यासपाठ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वसतिगृहातील सातवीची एक विद्यार्थिनी मालाडला, मालवणीतील आपल्या घरी गेली होती. श्वसनसंस्थेचा धडा समजून घेण्यासाठी तिने आईचा मोबाईल हाती घेतला. धड्यातील आकृती दिसण्यापूर्वीच झटपट कर्जाची जाहिरात पडदाभर पसरली. ती बंद करण्याची फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडले आणि एक ॲप उतरू लागले. आई शेजारीच होती म्हणून निभावले. पुढच्या पालकसभेत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या त्या माउलीने आम्हांस विचारले, "सर, हे येतं कुठून? आणि थांबवता येतं का?" आम्ही इतिहासाचे शिक्षक. उत्तर द्यावयाचे तर आधी स्वतः शिकणे भाग होते. त्या शिकण्यातून हा पाठ तयार झाला.

प्रश्न केवळ त्रासाचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ साली सुमारे ११०० कर्जॲपपैकी ६०० बेकायदेशीर आढळली होती. अशा ॲपला एकदा परवानगी दिली की मोबाईलमधील नातेवाइकांचे क्रमांक सावकाराच्या हाती जातात, आणि वसुलीचे फोन भावकीत जाऊ लागतात. ज्या वस्तीत अब्रू हीच मुख्य ठेव, तेथे याचा अर्थ काय होतो हे आम्ही सांगावयास नको.

जाहिरात ही वस्तू नवी नाही. १७८० साली कलकत्त्यात निघालेल्या हिकीच्या पत्राच्या नावातच जाहिरातीचा उल्लेख होता. आपल्या चळवळीला मात्र जाहिरातीचा पहिला अनुभव उलटा आला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' सुरू झाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. त्या काळी दारावर राखणदार बसलेला असे आणि तो आपल्याला आत येऊ देत नसे. आज दारावर कोणीच नाही. कर्जवाला, जुगारवाला, नवसाचे खडे विकणारा, सारे न विचारता थेट माजघरात येतात. पुढे १९४३ साली न्या. रानडे यांच्या जयंतीनिमित्त पुण्यात केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी वृत्तपत्राचा धंदा साबणाच्या कारखान्याच्या पातळीवर उतरल्याची खंत व्यक्त केली होती. आंतरजालावरील बहुतेक पाने आज त्याच हिशेबाने चालतात.

फरक एवढाच की छापील जाहिरातीला वाचक कोण हे कळत नाही. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर हितचिंतकांच्या जाहिराती आहेत. त्या तुमच्याकडे पाहत नाहीत. मोबाईलवर पान उघडत असताना, डोळ्याची पापणी लवण्याआधी, तुमचा अंदाजे पत्ता, मोबाईलची जात आणि यापूर्वी काय पाहिले याची माहिती बाजारात जाते, त्या जागेचा लिलाव होतो आणि अधिक बोली लावणारा तुमच्यासमोर येतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधून या साऱ्याची ने-आण होते. म्हणजे जाहिरात पाहण्याचा खर्चही गरिबाच्याच खिशातून!

आता उपाय. मालवणीत गेट नंबर सांगितल्याशिवाय घर सापडत नाही. मोबाईलचेही तसेच आहे. कोणत्याही पानावर जाण्यापूर्वी तो एका पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेला विचारतो. तिला डीएनएस म्हणतात. जाहिरातींचे पत्ते बहुधा निराळे असतात. पत्ते सांगणाराच आपण असा निवडला की जो अशा पत्त्यांबाबत 'असे कोणी येथे राहत नाही' असे उत्तर देईल, तर जाहिरात निघण्यापूर्वीच अडते. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून पुढच्या मोबाईलमध्ये ही सोय आहे. सेटिंगमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शन या भागात 'प्रायव्हेट डीएनएस' शोधावे आणि तेथे इंग्रजी अक्षरांत 'डीएनएस.ॲडगार्ड-डीएनएस.कॉम' हे नाव भरावे. घरात लहान मुले असतील तर आरंभीच्या 'डीएनएस' शब्दाऐवजी 'फॅमिली' लिहावे. अश्लील संकेतस्थळेही अडतात. पैसे पडत नाहीत. घरी वायफाय असेल तर राउटरमध्ये ९४.१४०.१४.१४ हा अंक भरला की टीव्हीसह घरातील बहुतेक उपकरणांना एकदमच संरक्षण मिळते.

याने सर्व थांबते असे मात्र समजू नये. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्या जाहिराती त्यांच्याच पत्त्यावरून येतात. तेथे पत्ते सांगणारा हतबल असतो. त्यासाठी ब्राउझरमध्येच गाळणी बसवावी लागते. अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' हे मोफत साधन चालते. संगणकावरील क्रोमने मात्र या साधनाचे मूळ रूप अलीकडे बंद पाडले; जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीच्या ब्राउझरकडून आम्हांस वेगळी अपेक्षा नव्हती. आयफोनच्या सफारीत अशा गाळण्या २०१५ पासून बसवता येतात. गाळणी कधी नको ते अडवते. आमच्याकडे एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी उघडेना, तेव्हा आम्ही घाबरलो. डीएनएसचे नाव काढताच तो उघडला. म्हणून नाव काढायचे कसे, हेही भरण्याइतकेच नीट शिकावे.

काही पालकांनी विचारले, जाहिरात अडवली तर लिहिणाऱ्यांचे पोट कसे चालावे? प्रश्न खरा आहे. लहान मराठी नियतकालिकांची पाने जाहिरातींवर तगतात. आमचे मत असे की ज्याचे लेखन आपण नित्य वाचतो त्याला गाळणीतून सूट द्यावी, अथवा त्याची वर्गणी भरावी. 'मूकनायक'च्या परंपरेतील नियतकालिके वर्गणीवाचूनच बंद पडली आहेत, हे आपण फार लवकर विसरतो.

कायदाही आता जागा होत आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याच्या कलम ९ अन्वये १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणे निषिद्ध ठरवले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. वेष पालटून येणारी जाहिरात ही ग्राहकाची फसवणूक होय, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये १३ फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत नमूद केले आहे. फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब फोन करावा. पहिले काही तास मोलाचे असतात.

त्या माउलीच्या मोबाईलमध्ये हे नाव भरण्यास आम्हांस दोन मिनिटे लागली. भरले मात्र तिच्या मुलीने. आम्ही फक्त अक्षरे सांगितली. आता सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ती अक्षरे वहीत लिहून दिली जातात. माजी विद्यार्थी व पालकांसाठी स्नेहसंमेलनाच्या दिवशी भोजनानंतर संगणक कक्ष उघडा राहील. येताना मोबाईल चार्ज करून आणावा, आणि ज्यांच्या घरी वायफाय आहे त्यांनी राउटरच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून आणावा. पासवर्ड तिथेच लिहिलेला असतो.