चि. सोनीस, जर्मनीत

वेल्हे, आषाढ शुद्ध पंचमी



काल भोरला तुझ्या सासूबाई भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, दुकानात हट्ट केला म्हणून तू बाळाला चापट मारलीस आणि शेजारच्या बाईने हटकलं. खरं का गं? तेव्हापासून भातलावणीत माझं चित्त नाही.

जर्मनीत 2000 सालापासून आईबापालाही मुलाला मारायला कायद्याने बंदी आहे. "माझंच लेकरू" म्हणून तिथे सुटका नाही. नॉर्वेतलं ते बंगाली जोडपं आठवतं ना? 2011 साली त्यांची दोन्ही मुलं सरकारने नेली. हाताने भरवतो, जवळ घेऊन झोपतो, यावरही बोट ठेवलं, असं आईबाप सांगत होते. मुलं भारतात काकाकडे यायला 2012 चा एप्रिल उजाडला. आईच्या कुशीत यायला 2013. ती आई डोळ्यांसमोर येते आणि तिच्या जागी तू दिसतेस. हात उचलू नकोस, पोरी.

आणि केवळ कायद्याच्या भीतीने नको. तुझ्या बाबाला आमच्या आप्पांनी निरगुडीच्या फोकाने मारलं होतं. पोटरीवर वळ उठले. मी थोरली, पण उंबऱ्यातच थिजले. ते अजून सलतं. आई धावली, शेजारच्या काकूंनी त्याला घरी नेऊन जेवू घातलं. इथे एकाचं डोकं तापलं की मूल उचलून न्यायला दुसरं कुणीतरी असायचं. तुझ्याजवळ कोण आहे? दिवसभर नोकरी, संध्याकाळी सगळं तुझ्याच अंगावर. मघाशी रागावले, पण तू किती शिणत असशील ते कळतं गं मला.

मऊ भात हाताने भरवतेस तो भरव, कुशीत घेऊन निजव. पाळणाघरातल्या बाईंना आपणहून सांग, आमच्याकडे असंच वाढवतात. लपवलंस तर त्यांना भलतंच वाटेल. फक्त हात आवर. राग आला की बाळाला जावईबापूंकडे दे. ते घरी नसले तर मला फोन लाव. तिथे रात्रीचे नऊ म्हणजे इथे साडेबारा, वाजू देत. बाळाला मी गोष्ट सांगेन, तोवर तू दोन घास खाऊन घे. बोलायचं नसलं तर बोलू नकोस, नुसती रड. मी फोन ठेवणार नाही.

तुझी,
आत्या