शत्रूचा शत्रू : पिकांवरील किडी व त्यांचा नैसर्गिक बंदोबस्त

आपल्यापैकीं पुष्कळांचीं घरें शेतीवर चालतात. पीक जोमानें वर येतें, आतां चार पैसे हातीं लागतील अशी आशा वाटूं लागते, आणि एकाएकीं पानें आकसतात, शेंड्यांवर चिकटा दिसूं लागतो. वर्षाच्या मेहनतीचें काय होणार या चिंतेनें घरांतील कर्त्या माणसाची झोंप उडते. अशा वेळीं पहिला विचार येतो तो औषध फवारण्याचा. औषधाला त्याचें स्थान आहेच. परंतु किडीचा नाश करणारें सर्वांत जुनें साधन दुकानांत मिळत नाहीं. तें शेतांतच वावरत असतें. तें साधन म्हणजे दुसरा कीटक. त्याचें सामर्थ्य किती व त्याच्या मर्यादा कोणत्या, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

कीटकभक्षक कीटक मुख्यत्वें दोन प्रकारचे असतात. पहिले भक्षक. हे वाघाप्रमाणें आपलें भक्ष्य धरून खातात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा हा त्यांपैकीं सर्वांच्या ओळखीचा. दुसरे परोपजीवी. ह्यांच्या माद्या किडीच्या अंड्यांत अथवा अंगांत आपलें अंडें घालतात. त्यांतून निघालेली अळी आपल्या यजमानाला आंतून खाऊन टाकते व वाढ पुरी झाल्यावर बाहेर पडते. ह्याखेरीज कांहीं बुरश्या व सूक्ष्म जंतू किडींना रोग जडवितात, तेही शेतकऱ्याचे साहाय्यकच होत.

मग इतके शत्रू असतांना कीड माजते तरी कां? याचें एक मोठें कारण असें, कीं पुष्कळदां कीड आपला देश सोडून रोपांबरोबर परदेशीं जाते, पण तिचे शत्रू मागेंच राहतात. नव्या ठिकाणीं अन्न विपुल आणि मारणारा कोणी नाहीं. मग तिची वाढ कोण थांबविणार? ह्या गोष्टीचा प्रसिद्ध दाखला अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत घडला.

सन १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील एक पांढरी खवले कीड कॅलिफोर्नियांत शिरली. ही कीड फांद्यांना चिकटून रस शोषते, आणि तिची मादी कापसाच्या पुंजक्यासारखी पिशवी पाठीमागें वाढवून तींत शेंकडों अंडीं ठेवते. पंधरा-वीस वर्षांत संत्र्यांच्या बागा बर्फ पडल्यासारख्या पांढऱ्या दिसूं लागल्या. बागवाल्यांनीं साबणाचें पाणी व रॉकेलचें मिश्रण शिंपडलें, झाडांवर तंबू ठोकून विषारी धूर सोडला. पण कीड हटेना. कित्येकांनीं तर हातानें लावलेलीं झाडें स्वतःच उपटून जाळलीं.

त्या वेळीं सरकारी कीटकखात्याचे प्रमुख चार्ल्स रायली यांनीं निराळाच प्रश्न विचारला : ही कीड आपल्या मूळ देशांत असा उच्छेद कां करीत नाहीं? तिला तेथें कोणीतरी आवरणारा असला पाहिजे. परंतु खात्याच्या माणसांच्या परदेशप्रवासावर तेव्हां कायद्याचें बंधन होतें. तेव्हां मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्तानें अल्बर्ट कोबेले यांना १८८८ च्या ऑगस्टमध्यें ऑस्ट्रेलियास रवाना करण्यांत आलें. ऑक्टोबरमध्यें ॲडलेड येथें ह्या किडीच्या पुंजक्यांवर एक लहानसा, तांबड्या-काळ्या रंगाचा ढालकिडा चरतांना त्यांना आढळला. शास्त्रांत त्याला रोडोलिया म्हणतात.

आगबोटीच्या बर्फाच्या कोठारांत ठेवून पाठविलेल्या ह्या प्रवाशांपैकीं प्रथम २८, मग ४४ व नंतर ५७, असे मिळून अवघे १२९ ढालकिडे १८८९ च्या जानेवारीपर्यंत लॉस अँजेलिस येथें जिवंत पोहोंचले. तेथें कॉकिलेट या शास्त्रज्ञानें एका बागेंत कीड लागलेल्या संत्र्याच्या झाडाभोंवतीं कापडाचा तंबू उभारून त्यांना आंत सोडलें. एप्रिलपर्यंत त्या झाडावरील कीड जवळजवळ नाहींशी झाली. मग तंबूची एक बाजू उघडून ढालकिड्यांना शेजारच्या झाडांवर जाऊं दिलें. जूनच्या मध्यापर्यंत त्यांच्या वंशांतील १०,५५५ ढालकिडे २०८ बागवाल्यांस वांटले गेले होते. एका वर्षांत लॉस अँजेलिस भागांतून बाहेर जाणारीं संत्रीं आगगाडीच्या ७०० डब्यांवरून २,००० डब्यांवर गेलीं. कृतज्ञ बागवाल्यांनीं कोबेले यांना सोन्याचें घड्याळ व त्यांच्या पत्नीला हिऱ्याचीं कर्णभूषणें अर्पण केलीं.

हें यश दैवानें लाभलें असें मात्र समजूं नये. त्याला तीन कारणें होतीं. एक, हा ढालकिडा जवळजवळ ह्या एकाच जातीच्या किडीवर जगतो. पिकाला अथवा इतर प्राण्यांना त्याचा उपद्रव नाहीं. दुसरें, त्याची अळी व पूर्ण वाढलेला कीटक हीं दोन्हीं तेंच भक्ष्य खातात. तिसरें, कीड वर्षांतून दोनतीन पिढ्या वाढते, तर उबदार हवेंत ढालकिड्याची एक पिढी सुमारें महिन्याभरांत पुरी होते. ज्याची वाढ शत्रूपेक्षां जलद, तोच शत्रूला गांठतो.

हीं कारणें दृष्टीआड केलीं म्हणजे काय होतें, तें ऑस्ट्रेलियानेंच पुढें अनुभवलें. क्वीन्सलंड प्रांतांत उंसाचीं मुळें खाणाऱ्या भुंगेऱ्यांचा नाश व्हावा म्हणून १९३५ सालीं हवाई बेटांतून सुमारें शंभर मोठे बेडूक आणून त्यांची पैदास सोडण्यांत आली. परंतु भुंगेरे उंसाच्या शेंड्यावर व त्यांच्या अळ्या जमिनीच्या पोटांत. बेडकाला ना वर चढतां येतें ना खोल उकरतां येतें. तो मिळेल तें खातो आणि त्याच्या अंगांत विष असल्यानें त्याला खाणारे साप, घोरपडी व इतर वन्य प्राणी मरतात. भुंगेरे राहिले ते राहिलेच, आणि बेडकांची संख्या मात्र लाखांनीं वाढून ते देशाच्या विस्तीर्ण भागांत पसरले. रायलींच्या माणसांनीं पाहुण्याची पूर्ण माहिती काढून मग त्याला घरांत घेतलें. येथें पाहुणा आधीं घरांत आला आणि त्याचे गुण मागाहून कळले.

ढालकिड्याच्या कथेलाही एक उत्तरभाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या कांहीं बागांत डीडीटी हें नवें औषध फवारण्यांत येऊं लागलें. त्यानें इतर किडींबरोबर ढालकिडेही मारले. आणि अर्धशतक दबून राहिलेली ती पांढरी कीड पुन्हां उसळली. फवारणी आवरून ढालकिडे नव्यानें सोडल्यावरच ती शांत झाली. पहारेकरी मेल्याचें चोर आल्यावर कळलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हीच पांढरी कीड १९२८ सालीं निलगिरीच्या डोंगरांत आढळली, आणि तेथेंही ह्याच ढालकिड्याला पाचारण करण्यांत आलें. आपल्या महाराष्ट्रांतील दाखला मात्र याहून ताजा आहे. २००२ च्या पावसाळ्यांत सांगली जिल्ह्यांत उंसाच्या पानांखालीं लोकरीसारखा पांढरा थर दिसूं लागला. हाच तो लोकरी मावा. तो रस शोषून गोड चिकट द्रव टाकतो. त्यावर काळी बुरशी चढते, पानें वाळतात व साखरेचा उतारा घटतो. पाहतां पाहतां तो पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथील उंसाच्या मुलखांत पसरला. डोक्याहून उंच वाढलेल्या उंसांत शिरून पानांच्या खालच्या बाजूस फवारणी करणें किती कठीण, हें उंसकरी बापाच्या मुलाला सांगावयास नकोच.

ह्या संकटांतही मदत शत्रूच्या शत्रूकडूनच आली. माव्याच्या थरांत डिफा नांवाच्या पतंगाच्या अळ्या व मायक्रोमस नांवाच्या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतांना आढळल्या. तेव्हां अशा अळ्या असलेलीं पानें कापून दुसऱ्या फडांत नेऊन सोडण्याचा मार्ग निघाला. ईशान्य भारतांतील उंसांत माव्यावर राहणारी एन्कार्सिया ही बारीक गांधीलमाशीही इकडे आणण्यांत आली. जेथें मित्रकीटक आले व फवारणीनें मारले गेले नाहींत, तेथें मावा हळूहळू आटोक्यांत आला. ज्यानें घाईनें सर्वच मारलें, त्यानें आपलें सैन्यही मारलें.

ह्यावरून औषध मुळींच वापरूं नये असा अर्थ कोणी घेऊं नये. मित्रकीटकांना कामास वेळ लागतो, आणि ते कीड समूळ नष्ट करीत नाहींत. नुकसान होणार नाहीं इतक्या मर्यादेंत ठेवतात. परंतु फवारण्यापूर्वीं शेतांत कोण कोण राहतें हें पाहिलेंच पाहिजे. तेवढ्यासाठीं पुढील खुणा ध्यानांत ठेवाव्या.

१. काळी, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, लहानग्या मगरीसारखी दिसणारी अळी ही बहुधा ढालकिड्याची अळी असते. तिला कीड समजून पुष्कळ लोक चिरडतात. ती दिवसभर मावा खाते.

२. पानावर केंसाएवढ्या बारीक देंठाच्या टोंकाला टांगलेलें अंडें दिसल्यास तें क्रायसोपा ह्या मित्रकीटकाचें असतें.

३. माव्यांत कांहीं फुगलेले, तपकिरी व निश्चल दिसले, आणि त्यांच्या पाठीला वाटोळें छिद्र असलें, तर परोपजीवी आपलें काम करून गेला असें समजावें.

४. अळीच्या अंगावर अथवा शेजारीं तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष दिसल्यास ती अळी मारूं नये. त्या कोषांतून तिचेच शत्रू बाहेर पडणार आहेत.

विद्यार्थ्यांनीं सुटींत एक प्रयोग अवश्य करावा. रुंद तोंडाच्या बाटलींत माव्यानें भरलेली चवळीची अथवा रुईची डहाळी ठेवावी, तींत ढालकिड्याची एक अळी सोडावी व तोंडाला पातळ फडकें बांधावें. रोज ताजी डहाळी द्यावी, आणि अळीनें किती मावे खाल्ले, केव्हां कोष केला व केव्हां ढालकिडा बाहेर आला, हें वहींत तारीखवार लिहावें. मग ती वही घरीं वडिलांना दाखवावी, आणि पुढची फवारणी करण्यापूर्वीं त्यांच्यासह बांधावर जाऊन चार पानें उलटून पाहावीं.