उन्हातली सायकल आणि डोकेदुखी
आरोग्य पाठ : डहाणू-तलासरीच्या दमट हवेवरून घ्यावयाचा धडा



चैत्र-वैशाखात, आणि पुन्हा पाऊस सरल्यावर आश्विनात, एक तक्रार गावोगाव ऐकू येते. माणूस सायकलवरून आठ-दहा किलोमीटर येतो, सायकल भिंतीला टेकवतो आणि घटकाभराने म्हणतो, "डोकं लई ठणकतंय." घरचे म्हणतात, ऊन लागलं. मग एक गोळी, वर कपभर चहा, आणि माणूस पुन्हा कामाला. ही डोकेदुखी येते कशाने आणि तिच्यावर खरा इलाज कोणता, हे या पाठात पाहावयाचे आहे.

धड्यासाठी आम्ही पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे तालुके घेतले आहेत. हा मुलूख काही उसाचा नव्हे. तिथे भात आणि नागली. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या. मग उसवाल्यांनी तिकडे का पाहावे? कारण आपण ऊन मोजतो ते पाऱ्यावर, आणि नुसत्या पाऱ्यावर विसंबले तर माणूस कसा फसतो, हे त्या हवेत चांगले कळते. शिवाय तसली हवा आपल्याही शेतात असते. ती कुठे, ते पुढे येईलच.

पारा काय सांगत नाही?

डहाणू समुद्राकाठी. एप्रिल-मे महिन्यांत तिथला पारा दुपारी बहुधा ३३-३४ अंशांपर्यंत जातो. आपल्याकडचा माणूस म्हणेल, "हे कसलं ऊन? आमच्याकडे चाळीस असतं." पण हिशेब करून पाहा. पारा ३३ आणि हवेतला दमटपणा ६५ टक्के असेल, तर शरीराला ती उष्णता सावलीतसुद्धा सुमारे ४१ अंशांसारखी लागते. उलट पारा ३८ पण दमटपणा फक्त २० टक्के असेल, तर ती ३७ अंशांच्या आसपासच लागते. म्हणजे पारा पाच अंशांनी कमी असूनही डहाणूची दुपार शरीराला जड जाते. हवामान खातेसुद्धा हा भेद पाळते. उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशात किमान ४० अंशांची अट आहे, तर किनाऱ्यावर ३७ अंशांची.

असे का होते, हे माठावरून समजेल. देशावर उन्हाळ्यात माठातले पाणी गारेगार होते, कारण माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी कोरड्या हवेत झपाट्याने वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. किनाऱ्यावर तोच माठ ठेवा. बाहेरून ओला राहील, पण पाणी तितके गार होणार नाही. आपले शरीर म्हणजे असाच एक माठ आहे. घाम आला म्हणजे अंग थंड झाले असे नव्हे. घाम वाळला तरच अंग थंड होते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी गेले, मीठ गेले, आणि गारवा काही मिळाला नाही.

सायकल थांबल्यावरच डोके का दुखते?

पायडल मारताना आपण खाल्लेल्या अन्नाची जी शक्ती खर्च होते, तिच्यातली जेमतेम चौथाई चाक फिरवायला लागते. बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे धावते, कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात. सायकल चालू असेतो अंगावर वारा लागतो, थोडाफार घाम वाळतो आणि तापलेले कळत नाही. सायकल थांबली की वारा थांबला. अंगातली भट्टी मात्र लगेच विझत नाही. म्हणून त्रास होतो तो बहुधा मुक्कामाला पोचल्यावर.

वाऱ्याची दिशाही पाहावी. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. डहाणूहून कासा किंवा तलासरीकडे, म्हणजे पूर्वेला, जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो. सायकल हलकी चालते, पण अंगावर वारा लागत नाही आणि घाम वाळत नाही. समोरचा वारा दमवतो खरा, पण थंडही करतो. म्हणून वारा पाठीशी आहे म्हणून खूष होऊन जोरात हाणू नये.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. त्याच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना कळते. अंगातले पाणी कमी झाले, रक्तवाहिन्या ताणल्या, की तिथे ठणका सुरू होतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगातून सव्वा लिटर पाणी गेले तरी त्रास जाणवू लागतो, आणि कडक कष्टात तासाभरात एक लिटर घाम सहज जातो. म्हणून ही डोकेदुखी म्हणजे नुसता आजार नव्हे, ती सूचना आहे. इंजिन तापल्याचा काटा वर गेला तर आपण काटा फोडत नाही, इंजिन थांबवून पाणी घालतो.

आपल्या उसातले डहाणू

आता आपल्या शेताकडे या. आठ-दहा महिन्यांचा ऊस, डोक्यापेक्षा उंच; नुकतेच पाणी दिलेले; आत वारा नाही. बांधावर कोरडे ऊन असले तरी सरीत शिरल्यावर हवा दमट आणि कोंदट. पाचट काढणाऱ्याला तिथे डहाणूचीच दुपार भोगावी लागते. तेवढे काम करून जो सायकलवर बसतो, तो घरून निघालेल्या ताज्या माणसासारखा नसतो. त्याचे पाणी आधीच गेलेले असते. तेव्हा उसातून निघाल्यावर आधी सावली, मग पाणी, आणि मग सायकल, असा क्रम ठेवावा.

दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पाहिले. पुरस्काराच्या जाहीर कार्यक्रमात लोक भर उन्हात तासन् तास बसले होते. उष्माघाताच्या त्या दुर्घटनेत १४ जण दगावले. ते तर नुसते बसलेले होते, पायडल मारत नव्हते.

डोके दुखू लागल्यास काय करावे?

१. सायकलवरून उतरावे. "आता दोनच किलोमीटर राहिलं" असे म्हणून पुढे रेटू नये.
२. सावलीत, वारा लागेल तिथे बसावे. कपडे सैल करावे. डोके, मान, हात पाण्याने ओले करावे.
३. घोट घोट पाणी प्यावे, त्याबरोबर मीठही पोटात जावे. मीठ घातलेले ताक, भाताची पेज, नागलीची आंबील हे आपले जुने उपाय चांगलेच आहेत.
४. नुसते साधे पाणी तांब्यावर तांबे ढोसू नये. तासाला लिटरच्या पुढे जाऊ नये. रक्तातले मीठ फार पातळ झाले तर त्यानेही डोके दुखते, उलटी होते, आणि प्रकरण जिवावर बेतू शकते.
५. ताडी किंवा दारू घेऊ नये. ती अंगातले पाणी आणखी घालवते.
६. लघवीचा रंग पाहावा. गर्द पिवळी असेल तर पाणी अजून कमी आहे.

खिशात कांदा ठेवून ऊन बाधत नाही असे काहीजण मानतात. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशातल्या कांद्याचा उपयोग नाही.

साखर आणि मिठाचे पाणी

हे आपल्या कारखान्याच्या सभासदांनी मुद्दाम जाणून घ्यावे. आतड्यात मीठ एकट्याने नीट शोषले जात नाही. साखर सोबतीला असली की दोघे जोडीने आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडत होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला. शंभरात तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

घरी करावयाचे प्रमाण असे : उकळून गार केलेले पाणी १ लिटर, साखर सपाट ६ चहाचे चमचे, मीठ सपाट अर्धा चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागू नये. साखर जास्त घातली म्हणून गुण जास्त येत नाही. उलट जुलाब होतात. ओआरएसची पुडी मिळाल्यास ती पुरी एक लिटर पाण्यात घालावी. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे.

गोळीविषयी

गोळीने ठणका दबतो, पण पाण्याची तूट तशीच राहते. त्यातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या पाणी कमी असलेल्या अंगात मूत्रपिंडाला इजा करू शकतात. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोडीचे तरणेताठे मजूर मूत्रपिंड निकामी होऊन दगावत असल्याचे आढळले आहे. उन्हातले अतिकष्ट आणि वारंवार पाणी कमी पडणे हे त्याचे मोठे कारण मानले जाते. तिथे पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी मजुरांना देण्याची पद्धत सुरू झाली आहे. आपल्याकडच्या कोयत्यालाही तीच लागू आहे.

केव्हा थांबू नये?

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, आकडी आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी फसू नये. १०८ वर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालावा. मान, काखा व जांघेत ओली फडकी ठेवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आणि तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. आपापल्या भागातले जवळचे रुग्णालय आधीच माहीत करून ठेवावे.

विसावा व पाणी घेऊनही डोकेदुखी दुसऱ्या दिवशी राहिली, अचानक फार तीव्र कळ आली, ताप आला, मान ताठ झाली किंवा दृष्टी अंधुक झाली, तर "ऊनच लागलं असेल" म्हणू नये. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोही डोकेदुखीनेच सुरू होतात.

साधी कारणेही तपासावीत. उपाशीपोटी निघणे, चष्म्याचा नंबर, डोक्याला घट्ट आवळलेला टॉवेल, फार खाली असलेले हँडल. पायडल खाली असताना टाच टेकवून पाय सरळ व्हावा, एवढी सीट उंच असावी. मान आखडली तरी डोके दुखतेच.

उजळणी

१. घाम आला तरी अंग गार का होत नाही?
२. पाठीमागचा वारा केव्हा फसवतो?
३. एक लिटर पाण्याला साखर व मीठ किती?
४. डोके दुखत असताना गोळी आधी की पाणी आधी?

ही चार उत्तरे घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलांकडून म्हणवून घ्यावीत, कारण दुपारच्या सुट्टीत सायकल तीच हाणतात. टोळीच्या मुकादमालाही ती सांगावीत. उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत होते, म्हणून सुरुवातीचे दिवस बेताने घ्यावे. जाणे-येणे सकाळी दहाच्या आत किंवा उन्हे कलल्यावर करावे, आणि सायकलच्या हँडलला पाण्याची बाटली अडकवल्याशिवाय घराबाहेर पडू नये.