विंडोज नसले तरी लॅपटॉपचा बायोस नवा करता येतो

किल्लारीतील आमच्या कापड दुकानाची सगळी उधारी एका जुन्या डेल लॅपटॉपवर लिहिलेली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. हा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटीत बसेना, म्हणून आम्ही त्यात उबंटू लिनक्स घालून घेतले. पुढे सुरक्षेसाठी बायोस नवा करायची वेळ आली, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "चाचा, समदं पुसून आधी विंडोज टाकावं लागतंय." पुसायचे म्हटल्यावर आमच्या पोटात गोळा आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात वडिलांच्या उधारीच्या वह्या मातीखाली गेल्या होत्या. कोणाकडून किती येणे, ते मग लोकांच्या इमानावर राहिले.

पण पुसण्याची गरजच नव्हती, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे. बायोस म्हणजे लॅपटॉपचे फर्मवेअर. ते हार्डडिस्कवर नसते, मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये असते. बटण दाबताच विंडोज किंवा लिनक्सच्या आधी तेच जागे होते. दुकानाचे शटर उघडणारा तो माणूस. आत माल कोणाचा, याच्याशी त्याला घेणेदेणे नाही.

लॅपटॉपच्या पाठीवरील सर्व्हिस टॅग उतरवून घ्यावा आणि कंपनीच्याच वेबसाइटवरून त्या मॉडेलची बायोस फाइल घ्यावी. ही फाइल 'ईएक्सई' असते. लिनक्समध्ये तिच्यावर क्लिक करून काही होत नाही. आम्ही अर्धा तास तेच करीत बसलो होतो! रिकामा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यावर ती ठेवावी. मग लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ१२ दाबत राहावे, येणाऱ्या यादीत 'बायोस फ्लॅश अपडेट' निवडावे आणि पेनड्राइव्हवरील फाइल दाखवावी. पुढचे काम बायोस स्वतः करतो. इतर कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बटणे वेगळी असतात.

याहून सोपी वाटही आहे. डेल, लेनोवो, एचपी या कंपन्या अनेक मॉडेलांचे फर्मवेअर लिनक्ससाठीही देतात. उबंटू २४.०४ मधील 'फर्मवेअर अपडेटर' उघडून आपले मॉडेल तेथे दिसते का, ते आधी पाहावे.

खरी भीती विजेची. चिपवरचे लिखाण अर्धवट राहिले तर लॅपटॉप पुन्हा उठत नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने कितीतरी संगणकांची हीच चिप बिघडवली होती. म्हणून बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. बॅटरी मेलेली असेल तर आधी ती बदलावी, तो खर्च वाचवू नये. हार्डडिस्कला हात लागत नसला तरी हिशेबाची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. आणि ईदच्या गर्दीत हे काम काढूच नये.

आमचे काम काही मिनिटांत झाले, पण नंतर लिनक्स येईना. एफ२ दाबून पाहिले तर सुरू होण्याचा क्रम बदलला होता. तेथे उबंटू वर घेतले आणि उधारीची वही पहिल्यासारखी उघडली.