आपटा : दसऱ्याच्या सोन्याचं झाड ओळखूया



दसरा जवळ आला की मानवतच्या बाजारात रस्त्याच्या कडेला हिरव्या पानांचे ढीग दिसू लागतात. संध्याकाळी आपण ही पानं एकमेकांना देतो. लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं आणि म्हणायचं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." पण तुम्ही ज्याला सोनं म्हणून देता, ते पान खरंच आपट्याचं असतं का? आणि ज्या झाडाचं ते पान आहे, ते झाड तुम्ही उभं असलेलं कधी पाहिलं आहे का? चला तर मग, आज आपट्याची नीट ओळख करून घेऊया.

नाव आणि कुळ

आपट्याला संस्कृतमध्ये अश्मंतक म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव बौहिनिया रेसिमोसा. योहान आणि कास्पार बौहिन हे दोघे भाऊ स्वित्झर्लंडचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. एकाच पानाचे दोन जोडलेले भाग म्हणजे जणू दोन भाऊ, म्हणून या प्रजातीला त्यांचं नाव मिळालं. लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथातही हे नाव आहे. रेसिमोसा म्हणजे फुलांचे लांब तुरे येणारा.

आपटा शेंगावर्गीय कुळातला आहे. म्हणजे आपल्या शेतातली तूर, हरभरा, सोयाबीन आणि बांधावरची बाभूळ ही सगळी त्याची भाऊबंद. या कुळाची मुख्य खूण म्हणजे शेंग.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत साठवतात, असं आपण शिकतो. तूर-सोयाबीनच्या बाबतीत हे खरं आहे. पण या कुळातल्या सगळ्याच झाडांना अशा गाठी येत नाहीत. आपटा-कांचनाच्या गटात त्या सहसा आढळत नाहीत. म्हणून "शेंग आली की गाठी असणारच" असं उत्तर लिहू नका.

झाड कसं असतं?

आपटा लहान ते मध्यम उंचीचा वृक्ष आहे. खोड बहुधा वाकडंतिकडं, साल काळपट आणि खरखरीत. फांद्या खाली झुकलेल्या असतात. आतल्या सालीपासून चिवट धागा निघतो, त्याचे दोर वळत असत. पानं विडी वळायलाही वापरली जातात.

पान : पान साधं असतं, पण टोकाकडून मध्यभागी चिरलेलं, त्यामुळे जोडपान वाटतं. ते लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. देठापासून पंख्यासारख्या सात ते नऊ शिरा निघतात. पान जाडसर असून वरून गडद हिरवं, खालून फिकट आणि किंचित लवदार असतं.

फूल : उन्हाळ्यात लहान, पांढरट-पिवळसर फुलांचे तुरे येतात. पाकळ्या अरुंद असतात आणि पुंकेसर दहा.

शेंग : चपटी, कडक, थोडी वाकलेली, साधारण वीतभर लांब. वाळल्यावरही ती बरेच दिवस झाडावर लटकत राहते.

पानं का गळतात?

आपटा हा पानझडी वृक्ष आहे. कोरड्या दिवसांत जमिनीतलं पाणी कमी होतं. पानांतून तर सतत पाण्याची वाफ उडत असते. मग झाड पानंच गाळून टाकतं आणि पाणी वाचवतं. आफ्रिकेच्या कोरड्या रानातही आपट्याचा एक जवळचा नातेवाईक राहतो, पिलिओस्टिग्मा थोनिंगी. त्याचंही पान असंच मध्ये चिरलेलं असतं. ते उंटाच्या पावलासारखं दिसतं म्हणून त्याला तसंच नाव पडलं आहे. देश वेगळा, पण दोघांची अडचण सारखी, ती म्हणजे लांबलेला कोरडा ऋतू.

आपटा की कांचन?

बाजारात पुष्कळदा आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं विकली जातात. कांचन म्हणजेही सोनं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. फरक असा ओळखा :

१. आपट्याचं पान लहान, साधारण तीन ते सहा सेंटिमीटर रुंद. कांचनाचं पान तळहाताएवढं.
२. आपट्याची फुलं बारीक व पांढरट. कांचनाची फुलं मोठी, गुलाबी-जांभळी, आणि त्यांत पूर्ण वाढलेले पुंकेसर तीन ते पाच.
३. कांचनाची शेंग वाळली की तडकून बिया उडवते. आपट्याची शेंग सहजासहजी उकलत नाही.

मग सोनं लुटायचं कसं?

रघुराजा, कौत्स आणि कुबेराची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटी मोहराच घेतल्या, बाकी लोकांना वाटल्या. गरजेपुरतं घ्या, हाच त्या गोष्टीचा बोध. आपण मात्र फांद्याच्या फांद्या तोडून आणतो आणि दुसऱ्या दिवशी ती पानं केरात जातात.

एक हिशेब करा. वर्गात ४० मुलं आहेत आणि प्रत्येकाने १० पानं आणली, तर ४०० पानं झाली. आश्विनात पाऊस नुकताच सरलेला असतो. झाड तेव्हा पानांत अन्न तयार करून पुढच्या कोरड्या दिवसांसाठी साठवत असतं. नेमकी तेव्हाच फांदी तोडली, तर झाडाचं स्वयंपाकघरच बंद पडतं. स्वतःहून गळलेलं पान आणि ओरबाडलेलं पान यांत हा फरक आहे.

म्हणून घरात एकच पान पूजेला ठेवा. बाकीच्यांना कागदाचं पान कापून त्यावर एक चांगलं वाक्य लिहून द्या. त्याहून उत्तम म्हणजे आपट्याचं रोप द्या. वाळक्या शेंगेतल्या बिया काढा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि माती-शेणखत भरलेल्या पिशवीत लावा. एक रोप जगलं, तर पुढच्या कितीतरी दसऱ्यांचं सोनं तुमच्या दारात उभं राहील.

स्वाध्याय

१. आपटा आणि कांचन यांतील तीन फरक लिहा.
२. पानगळ झाडाच्या फायद्याची कशी, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. कांचनवर्गातल्या झाडांची पानं रात्री मिटतात. तुमच्या जवळच्या आपट्याचं किंवा कांचनाचं पान दुपारी आणि रात्री पाहून चित्र काढा.
४. आजी-आजोबांना विचारा : तुमच्या गावात पूर्वी आपटा कुठे होता? आता आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत नक्की लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.