सत्तर पानांचा पुडा आणि कोडचे नियम

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर (ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर) लिहिणारे हात आता फक्त पुण्या-बंगळुरूत नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतून आलेल्या या वेळच्या पत्रांत दोनच काळज्या पुन्हा पुन्हा दिसल्या: कोड लिहिण्याचे नियम आणि बिनपगारी काम करणारी माणसे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. नावे दिलेली नाहीत.

शंका : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका मोठ्या प्रकल्पाला आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट पाठवली. दोन रात्री जागले होते. प्रोग्राम नीट चालतो, तरी परत आली आणि खाली सतरा शेरे! सगळे मोकळ्या जागा, नावं, ओळीची लांबी असलेच. आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही. माझं नाव तिथे कायमचं खराब झालं का?
— विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी

समाधान : नाही झाले. पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ प्रकल्पात घ्यावा अशी विनंती) परत येणे हा निकाल नसतो, कामाचा एक टप्पा असतो. सतरा शेरे लिहायला कुणीतरी तुमचा कोड ओळीन् ओळ वाचला आहे. जो बदल घ्यायचाच नसतो, त्यावर एवढा वेळ सहसा कुणी घालवत नाही.

तुमच्या भागातल्या तेंदूपत्त्याच्या फडीवर पुडा सत्तर पानांचा लागतो. कुणी साठच पाने बांधली, तर त्या पानांत खोट नसते. पण हिशेब पुडे मोजून होतो, म्हणून पुडा सगळ्यांचा सारखा हवा. कोडचेही तसेच आहे. पायथन भाषेचा ‘पेप ८’ हा नियमसंच २००१ पासून आहे. तो ओळ आत सरकवायला चार मोकळ्या जागा सोडा म्हणतो. लिनक्स या मुक्तस्रोत संचालन प्रणालीच्या गाभ्याच्या नियमांत तेच अंतर आठ अक्षरांचे आहे. दोन्हीकडे उत्तम प्रोग्रामर आहेत. ज्या फडीवर पुडा द्यायचा, तिथली मोजणी पाळायची, इतकेच. सतरा दुरुस्त्या करा आणि त्याच विनंतीत पाठवा, नवी उघडू नका. एखादा शेरा कळला नाही तर तसे सरळ विचारा. त्यात कमीपणा नाही.

शंका : ग्रामसभांच्या बांबू आणि तेंदूच्या नोंदींसाठी आम्ही सात-आठ जण ॲप बनवतो. प्रत्येकाचा कोड वेगळा दिसायचा, म्हणून मी बसून बत्तीस पानांची नियमावली लिहिली. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत, एक तर निघूनच गेला. मी नियम मागे घेऊ की माणसं जाऊ देऊ? माझंच चुकलं असं सारखं वाटतं.
— प्रकल्पप्रमुख, गडचिरोली

समाधान : हेतू चुकला नाही, फक्त नियमांचे ओझे माणसांवर पडले. बत्तीस पानांचे दोन ढीग करा. जे नियम यंत्राला तपासता येतात (मोकळ्या जागा, कंसांची जागा, ओळीची लांबी) ते सगळे एका ढिगात. हा ढीग फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप ठरल्याप्रमाणे बसवणारे साधन) आणि लिंटर (संशयास्पद किंवा नियमबाह्य ओळी दाखवून देणारे साधन) यांच्या हवाली करा. गो भाषेबरोबर ‘गोफम्ट’ नावाचा फॉरमॅटर मिळतो, त्यामुळे त्या भाषेत मांडणीवरून वाद जवळपास उरलेलाच नाही. ओळ लांब झाली हे यंत्राने सांगितले तर कुणाला लागत नाही. तेच प्रमुखाने चारचौघांत सांगितले की लागते.

दुसऱ्या ढिगात उरतील ते माणसांचे नियम: नावे अर्थपूर्ण कशी ठेवायची, बदलाबरोबर चाचणी कोणती द्यायची, बदल का केला हे कसे लिहायचे. हे एका पानात बसायला हवे. मात्र जुना कोड फॉरमॅटरमधून काढायचा असेल, तर ते काम एकाच स्वतंत्र कमिटमध्ये (बदलाची एक नोंद) करा, त्यात नवे काही मिसळू नका आणि आधी सगळ्यांना कळवा. नाहीतर कोणती ओळ कुणी का लिहिली याचा माग हरवतो. अशी एखादी कमिट वगळून माग काढण्याची सोय गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारी प्रणाली) आहे. निघून गेलेल्या सहकाऱ्याला संदेश पाठवू नका, फोन करा.

शंका : पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आमचा रस्ता बंद होतो, नेट जातं, लाईट जाते. बाकीचे रोज काम करतात आणि माझं दहा-दहा दिवस काहीच नाही. आळशी समजत असतील. अशा ठिकाणाहून या कामात पडूच नये का?
— शिक्षक, भामरागड

समाधान : अवश्य पडा. गिट ही प्रणाली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्याच कामासाठी लिहिली. जगभर विखुरलेल्या लोकांना आपापल्या वेळेने काम करता यावे, अशीच तिची रचना आहे. प्रकल्पाचा सगळा इतिहास तुमच्या संगणकावर असतो. कमिट करायला, जुने पाहायला, नवी शाखा काढायला नेट लागत नाही. ते लागते फक्त देवाणघेवाणीला. तीही अडली तर ‘गिट बंडल’ या आज्ञेने सगळे बदल एका फाइलमध्ये बांधता येतात. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून तालुक्याला जाणाऱ्याबरोबर पाठवता येते.

दोन गोष्टी करा. फॉरमॅटर आणि लिंटर स्वतःच्या संगणकावर बसवून घ्या, म्हणजे नियमातली चूक कळायला नेटची वाट पाहावी लागणार नाही. आणि प्रकल्पाच्या माहितीपानावर लिहून ठेवा: ‘जुलै ते सप्टेंबर उत्तराला दोन आठवडे लागू शकतात.’ आधी सांगितलेला उशीर कुणी आळस मानत नाही.

शंका : आमच्या शोधात ‘वऱ्हाड’ टाकलं की निम्म्याच नोंदी येतात. उरलेल्या डोळ्यांना दिसतात, पण सापडत नाहीत! तीन वर्षांचा डेटा सडला की काय? झोप उडाली आहे.
— ग्रंथालय कर्मचारी, चंद्रपूर

समाधान : डेटा शाबूत आहे. ‘वऱ्हाड’मधला तो अर्धा र संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जातो. युनिकोडमधले (लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ हे अक्षर आणि हलन्त. साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. वेगवेगळ्या कळफलकांवरून नोंदी झाल्या की तिन्ही मिसळतात. डोळ्यांना शब्द एकच, संगणकाला मात्र तीन.

नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका ठरीव रूपात आणणे) हा त्यावर उपाय आहे. त्यातल्या ‘एनएफसी’ या पद्धतीने पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे होत नाही, त्यासाठी तुम्हाला स्वतःचा एक बदलनियम लिहावा लागेल. आधी सगळ्या डेटाची प्रत काढा, प्रयोग प्रतीवर करा. मग हे प्रकल्पाच्या नियमांत लिहा: मजकूर यूटीएफ-८ मध्येच, आणि साठवण्यापूर्वी नॉर्मलायझेशन. नावाच्या रकान्यात फक्त देवनागरीच चालेल असा निर्बंध मात्र घालू नका. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली आहे. उद्या कुणी आपले नाव त्या लिपीत लिहील, तेव्हा तुमच्या प्रणालीने ते नाकारू नये.

शंका : रोवणी लागली की माझे सगळे स्वयंसेवक गायब. वर्षभर दुरुस्त्या मीच करतो, रात्री दोनला उठून मेल बघतो. हल्ली छातीत धडधडतं, घरच्यांवर ओरडतो. परवा एक अनोळखी माणूस ‘सगळं माझ्याकडे द्या’ म्हणाला. देऊन टाकावं वाटतं.
— एकटा पडलेला, नागभीड

समाधान : आधी प्रकृतीचे. धडधड आणि उडालेली झोप यांचे निदान पत्रातून होत नाही, डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा. मनाचा ताण बोलून दाखवायचा असेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तोवर प्रकल्पाच्या पानावर ‘महिनाभर काम थांबले आहे’ असे लिहा. ही पळवाट नव्हे. बिनपगारी कामाला रजा असतेच.

स्वयंसेवक गायब झालेले नाहीत, ते धानाच्या बांधीत आहेत. मोहफूल, तेंदू, रोवणी, धानकापणी यांचे महिने ठाऊक आहेत, तेव्हा नवी आवृत्ती काढण्याचे वेळापत्रक त्याभोवती आखा. घाईने दहा नवे लोक घेऊनही काम झटपट पुढे जात नाही. उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे. दहांपेक्षा एकच माणूस नीट तयार करा.

अनोळखी व्यक्तीला किल्ल्या मात्र देऊ नका. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे साधन असाच एक थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. एकाने दोनेक वर्षे मदत करून विश्वास मिळवला आणि त्यात चोरवाट घुसवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, म्हणून ती सापडली. याचा अर्थ प्रत्येक नवागतावर संशय घ्या असा नाही. नवी आवृत्ती दोन माणसांनी पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही, एवढा नियम पुरे. अधिकार कामाच्या ओळखीने, थोडे थोडे द्यावेत.

शंका : आमच्यातला सगळ्यात हुशार माणूस नवीन मुलांना ‘आधी शाळेत जा’ असं सर्वांसमोर लिहितो. तो बोलतो ते कोडबाबत खरंच असतं. त्याला टोकलं आणि तो गेला तर प्रकल्प बंद पडेल. गप्प बसलो तर मुली येणंच बंद करतील. काय करू?
— समन्वयक, वडसा

समाधान : त्याचे म्हणणे बरोबर असणे आणि त्याचे वागणे बरोबर असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट भाषेबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे काम थांबवले. त्याच सुमारास लिनक्सने आचारसंहिताही स्वीकारली. लिनक्स बंद पडले नाही. त्या सहकाऱ्याशी एकांतात बोला, नेमके वाक्य दाखवा आणि ‘शेरा कोडवर, माणसावर नाही’ हा नियम सगळ्यांसाठी लिहून काढा.

मतभेद कसा सोडवायचा, हेही आधी ठरलेले असावे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे अभ्यासगट विषयाचा खल करतो आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. कुणाचा विरोध असेल तर मतदानाने त्याला दाबत नाहीत, चर्चा चालू ठेवतात. अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांतही कोडमधल्या बदलाला एक अधिकृत सहकारी नकार देऊ शकतो, पण त्याला तांत्रिक कारण द्यावे लागते. कारण नसलेला नकार धरला जात नाही. तुमच्या हुशार सहकाऱ्याला हा मान जरूर द्या. त्याची अटही सांगा. कुणी धमकी दिली किंवा लैंगिक स्वरूपाचे काही लिहिले, तर मात्र समजुतीची वाट पाहू नका. पुरावा जपा आणि पोलिसांकडे जा.

शंका : मी दिवसा एका कंपनीत नोकरी करतो आणि रात्री घरच्या लॅपटॉपवर मुक्तस्रोत कोड लिहितो. मित्र म्हणतो, तो कोड कंपनीचाच, केस होईल. खरं आहे का?
— प्रोग्रामर, बल्लारपूर

समाधान : सरसकट खरे नाही आणि सरसकट खोटेही नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक सहसा नोकरी देणारी कंपनी असते, वेगळा करार नसेल तर. घरी, स्वतःच्या वेळेत केलेल्या कामाचे उत्तर तुमच्या नियुक्तीच्या करारात आहे. काही करारांत ‘नोकरीच्या काळात निर्माण केलेले सर्व काही’ असे शब्द असतात. तसे असतील तर करार घेऊन बौद्धिक संपदेचे काम करणाऱ्या वकिलाला भेटा आणि कंपनीकडून लेखी परवानगी घ्या. मित्राच्या किंवा माझ्या मतावर विसंबू नका.

शंका : माझ्या हातून चुकून डेटाबेसचा पासवर्ड आणि शंभरेक लोकांच्या खऱ्या नोंदी सार्वजनिक कोडमध्ये गेल्या. लगेच खोडल्या. आता सुटलो ना? कुणाला सांगितलेलं नाही.
— स्वयंसेवक, एटापल्ली

समाधान : खोडल्याने सुटका होत नाही, कारण गिटच्या इतिहासात त्या ओळी तशाच राहतात. घाबरू नका, क्रम पाळा. पहिले काम पासवर्ड बदलणे. ते आजच करा. दुसरे, प्रमुखांना सांगणे. तिसरे, इतिहासातून त्या ओळी काढणे. ते जाणकाराकडून करून घ्या. नोंदी खऱ्या माणसांच्या आहेत, म्हणून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इथे येतो. सरकारच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी अशा घटना कळल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवायच्या असतात. तुमच्या संस्थेने वकील आणि सायबर सुरक्षेचा तज्ज्ञ या दोघांनाही तातडीने गाठावे. पुढे चाचणीसाठी बनावट नावेच वापरा. चूक तुमच्या हातून झाली हे खरे, पण खरा डेटा तुमच्या हाती चाचणीला देणारी पद्धतही चुकलीच होती.

वाचकांना एक विनंती. शंका पाठवताना ‘चालत नाही’ एवढेच लिहू नका. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवा, कोणती आवृत्ती वापरता ते लिहा आणि आधी काय करून पाहिले तेही सांगा. आणि पासवर्ड कधीही, मलासुद्धा, पाठवू नका.