मोबाईल ॲप आणि ‘क्लाऊड’ : आपली माहिती, आपली जबाबदारी



अकोले तालुक्यातील आपली अनेक मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. शिष्यवृत्तीच्या मुदती, स्वाधार योजनेची माहिती, ग्रंथालयातील पुस्तके हे सर्व सांगणारे संस्थेचे एखादे मोबाईल ॲप असावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. अशा ॲपच्या मागे काय असते, हे सभासदांनीही जाणून घ्यावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

खिडकी आणि खतावणी

बँकेत ग्राहकाला फक्त खिडकी दिसते. तिच्यामागे सह्यांचे नमुने, खतावणी, तिजोरी आणि अधिकाऱ्याची मंजुरी असते. मोबाईलवर दिसणारे ॲप म्हणजे खिडकी, तर मागची व्यवस्था म्हणजे ‘बॅकएंड’. वापरणारा कोण हे ओळखणे, नोंदी व कागदपत्रे जपणे, सूचना पाठविणे ही त्याची कामे. त्यासाठी स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तर अखंड वीज आणि जाणकार माणूस हवा. लहान संस्थेला ते परवडत नाही. ‘क्लाऊड’ म्हणजे हीच व्यवस्था भाड्याने घेणे. नाव ढगाचे असले तरी माहिती जमिनीवरील संगणक-केंद्रातच असते. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी क्लाऊड केंद्रे सुरू केली.

‘फायरबेस’ ही सेवा २०१४ मध्ये गूगलने विकत घेतली. तिच्या ‘फायरस्टोअर’ या नोंदसंग्रहात दररोज ५०,००० वेळा नोंदी वाचणे आणि २०,००० वेळा लिहिणे मोफत आहे. लहान संस्थेला एवढे पुष्कळ झाले. शिवाय रेंज नसताना केलेली नोंद फोनमध्ये थांबते व रेंज येताच वर जाते. घाटघर, रतनवाडीसारख्या डोंगराळ गावांच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे.

काळजी कोठे घ्यावी?

१) नियम : फायरस्टोअर सुरू करताना ‘चाचणी’चा पर्याय निवडला, तर ३० दिवस कोणीही नोंदी वाचू व बदलू शकतो. काम अडू नये म्हणून ही मुदत वाढवीत राहणे म्हणजे तिजोरी उघडी टाकणे होय. आपल्या नोंदींत जातीचा दाखला, बँक खाते, मुलींचा राहण्याचा पत्ता असू शकतो. भाड्याची खोली मागताना आजही आडनाव विचारले जाते, अशा समाजात ही यादी बाहेर जाणे किती घातक ठरेल, हे सांगायला नको. म्हणून विद्यार्थ्याला फक्त स्वतःची नोंद आणि नेमलेल्या पदाधिकाऱ्यालाच सर्व नोंदी दिसाव्यात. ॲपमधील बटण लपविणे म्हणजे कुलूप नव्हे. परवानगीची तपासणी बॅकएंडमध्येच व्हावी.

२) प्रत : ‘पार्स’ ही अशीच लोकप्रिय सेवा फेसबुकने २०१३ मध्ये घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले आणि ३० जानेवारी २०१७ रोजी बंद केली. ॲपवाल्यांना बिऱ्हाड हलवायला वर्षभराची मुदत मिळाली. अशी वेळ आपल्यावरही येऊ शकते. म्हणून दरमहा नोंदींची एक प्रत काढून सुरक्षित ठेवावी.

३) किल्ली : सेवेचे खाते ॲप बनविणाऱ्या मुलाच्या नव्हे, संस्थेच्या नावे असावे. तो उद्या नोकरीसाठी परगावी गेला तरी काम थांबता कामा नये. दोन पदाधिकाऱ्यांकडे अधिकार द्यावेत. पैसे भरून सेवा घेतल्यास खर्चाची मर्यादा कळविणारी सूचना लावावी, मात्र ती सूचना केवळ इशारा देते, बिल थांबवीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

४) संमती : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संमतीला महत्त्व आहे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

सुरुवात कशी करावी?

प्रथम ग्रंथालयाची पुस्तकसूची आणि शिष्यवृत्तीच्या तारखा एवढेच ॲपवर घ्यावे. त्यात कोणाचीही खासगी माहिती नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांना निर्धास्तपणे शिकता येईल. आधार, दाखले, खाते क्रमांक गरजेशिवाय गोळाच करू नयेत. जी माहिती घेतलीच नाही, ती चोरीलाही जात नाही.

तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना अप्रमादाचा, म्हणजे सदैव जागरूक राहण्याचा उपदेश केला. नवे तंत्र हाती घेताना आपणही तो स्मरावा. क्लाऊडची जागा भाड्याने मिळते, परंतु समाजाने संस्थेवर टाकलेला विश्वास आपल्यालाच सांभाळावा लागतो. विद्यार्थ्यांनी हे काम अवश्य हाती घ्यावे आणि ज्येष्ठांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, ही विनंती.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!